दोन तिकिटांच्या मधली जागा

अंगकोरवाट बघायचं हे आईचं फार जुनं स्वप्न. मुंबईहून कंबोडियात, अंगकोरवाटजवळच्या सिएम रीपला एकाच तिकिटावर जायचं तर आमच्या तारखांना एक तर भाडं परवडेना, नाही तर मध्ये कुठेतरी रात्र काढावी लागत होती. म्हणून मुंबई ते क्वालालंपूर एका कंपनीचं आणि तिथून पुढे दुसऱ्या, स्वस्तातल्या कंपनीचं, अशी दोन वेगळी तिकिटं काढली. या दोन कंपन्यांचा आपसात काहीही करार नाही. त्यामुळे मुंबईत दिलेल्या बॅगा क्वालालंपूरलाच पट्ट्यावर येणार. त्या घ्यायच्या तर इमिग्रेशन करून मलेशियात शिरायचं, टर्मिनल 1 वरून टर्मिनल 2 ला जायचं आणि पुन्हा पहिल्यापासून चेक-इन करायचं. डिसेंबर 2023 पासून भारतीयांना तिथे तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, म्हणून हे जमतं तरी. डिजिटल अरायव्हल कार्ड मात्र पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरावं लागतं. त्याला पैसे पडत नाहीत.

आईचे गुडघे गेलेत. दोन्ही कंपन्यांकडे व्हीलचेअर आधीच नोंदवली होती. विमानवाल्यांच्या भाषेत तिचे तीन प्रकार असतात: जिना चढता येतो पण लांब चालवत नाही तो ‘डब्ल्यूसीएचआर’, जिनाही चढता येत नाही तो ‘डब्ल्यूसीएचएस’ आणि थेट सीटपर्यंत न्यावं लागतं तो ‘डब्ल्यूसीएचसी’. आई पहिल्यातली. तिकिटावर तसं नीट छापलेलं होतं, दोन्ही तिकिटांवर. मी निर्धास्त होते.

रात्रीचा प्रवास ठीक झाला. विमान सॅटेलाइट इमारतीला लागलं. या इमारतीच्या मधोमध खरं जंगल राखलंय, काचेच्या आड उंचच उंच झाडं. वास्तुरचनाकार किशो कुरोकावा यांची ती कल्पना: विमानतळात जंगल आणि जंगलात विमानतळ. रात्रभर न झोपलेल्या डोळ्यांना ते हिरवं बघून फार बरं वाटलं. दारातच व्हीलचेअर घेऊन एक मुलगी उभी होती, विशी-बाविशीची, डोक्याला स्कार्फ. “आंटी, कम,” म्हणाली आणि आईची पर्स स्वतःच्या खांद्याला लावून निघालीसुद्धा. मुख्य इमारतीत नेणारी बिनचालकाची एअरोट्रेन 2023 च्या मार्चपासून 2025 च्या जुलैपर्यंत बंद होती, तेव्हा लोकांना बसमधून नेत. आम्हाला ती चालू मिळाली. इमिग्रेशनच्या लांबलचक रांगा बाजूला ठेवून त्या मुलीने आम्हाला वेगळ्या खिडकीवर नेलं. बॅगांनी मात्र अंत पाहिला. पट्टा फिरतोय, त्याच त्या तीन अनोळखी सुटकेस पुन्हा पुन्हा येताहेत, आणि स्वस्तवाल्या कंपनीचा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होणार हे डोक्यात.

बॅगा मिळाल्या, कस्टम्स ओलांडून आम्ही बाहेरच्या हॉलमध्ये आलो, आणि ती मुलगी थांबली. खुर्ची इथपर्यंतच, म्हणाली. तिच्या फोनवर आमचं काम ‘पूर्ण’ झालेलं होतं. खुर्ची आम्हाला घेऊन आलेल्या कंपनीच्या कामासाठी आणि त्या कंपनीच्या लेखी आमचा प्रवास संपला होता. पुढच्या कंपनीची खुर्ची टर्मिनल 2 च्या चेक-इन काउंटरपासून सुरू होणार होती. मधलं अंतर? त्याला कुणीच धनी नाही. मी तिच्या सुपरवायझरशी फोनवर बोलले. तो सौम्यपणे एकच वाक्य म्हणत राहिला: मॅडम, ते वेगळं तिकीट आहे.

आई खुर्चीतून उठली. “अगं, चालेन मी, त्या पोरीला नको बोलणी बसायला,” म्हणाली. मला रडूच यायचं बाकी होतं.

मुलीने घडी करून खुर्ची भिंतीशी लावली, फोनवर काहीतरी दाबलं आणि परत आली. तिची चहाची सुट्टी सुरू झाली होती. एका हाताने आमची ट्रॉली, दुसऱ्या हातात आईचा दंड, असं करत तिने आम्हाला लिफ्टने तळमजल्यापाशी रेल्वेच्या फलाटावर नेलं. आई थांबली की ती थांबे. पुढे ओढणं नाही, घाई नाही. दोन रिंगिटचं तिकीट कसं काढायचं ते दाखवलं आणि गाडी येईपर्यंत आईला बाकावर बसवून स्वतः उभी राहिली. मी पैसे पुढे केले तर तिने हात मागे घेतला. आईने मग पर्समधली राजगिऱ्याच्या लाडवांची पुडी तिच्या हातात कोंबली, ती मात्र घेतली.

गाडीला तीन मिनिटं लागतात. खरा त्रास नंतर. टर्मिनल 2 ला स्टेशन आणि चेक-इनच्या मध्ये अख्खा मॉल आहे. दुकानांतून, सरकत्या जिन्यांना वळसे घालत, लिफ्ट शोधत आईला चालवत नेताना आम्ही दिसेल त्या बाकावर टेकत होतो. काउंटर बंद व्हायला थोडा वेळ उरला असताना पोचलो. तिथे व्हीलचेअर तयार होती, अगदी वेळेवर, आमच्या नावाची चिठ्ठी लावून.

युरोपीय संघात 2006 चा एक नियम आहे, 1107 क्रमांकाचा. त्यानुसार अशा प्रवाशाला विमानतळावर मदत करणं ही विमानतळाची जबाबदारी आहे, विमानकंपनीची नाही. मला हेच शहाणपणाचं वाटतं. कंपन्या बदलतात, तिकिटं बदलतात, गुडघे तेच असतात. धडधाकट माणसाने दोन तिकिटं जोडून पैसे वाचवावेत, खुशाल वाचवावेत. पण म्हातारं माणूस बरोबर असेल तर स्वस्त तिकिटातली बचत त्याच्या पायांतून वसूल होते, आणि हे बुकिंग करताना कुणी सांगत नाही.

अंगकोरचे दिवस सुंदर गेले. आईने पूर्वेच्या दारातून सूर्य वर येताना पाहिला, त्यावर सवडीने लिहीन.

परत आल्यावर दोन्ही कंपन्यांना पत्रं लिहिली. एकीचं उत्तर आलं: वेगवेगळ्या तिकिटांमधली जोडणी प्रवाशाची स्वतःची जबाबदारी असते. बॅगांबद्दल हे मला मान्य आहे. विमान चुकलं असतं तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे मी गप भरले असते. मी विचारलं होतं ते एवढंच, की माझ्या खर्चाने का होईना, दाराशी थांबलेली ती खुर्ची फलाटापर्यंत नेता येईल अशी सोय ठेवाल का. विमानतळावर किंवा एअरलाइनमध्ये काम करणारं कुणी हे वाचत असेल आणि अशी सोय पैसे भरून कुठे मिळत असेल, तर खाली नक्की लिहा. आईला आता बोरोबुदूर बघायचंय.