फोटो आहे, डीएनए आहे, मग पानभर वर्णन कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. भुंगेऱ्यांच्या नव्या प्रजातींची वर्णनं लिहिणं हे माझं काम आहे असं कळलं की थोड्या वेळाने हा प्रश्न येतोच: आता कॅमेरे इतके चांगले आहेत, डीएनए तपासता येतो, मग मिशीचा प्रत्येक खंड, पायाचा प्रत्येक काटा शब्दांत मांडत का बसायचं? विचारणाऱ्याचा सूर बहुधा सहानुभूतीचा असतो.

सरळ उत्तर नियमाचं आहे. प्राण्यांना शास्त्रीय नावं देण्यासाठी एक आंतरराष्ट्रीय संहिता आहे. १९३० नंतर छापलेलं नवं नाव ग्राह्य धरायचं तर ही प्रजाती इतरांहून कशात वेगळी आहे हे शब्दांत सांगावं लागतं. नुसतं चित्र चालत नाही. १९९९ नंतरच्या नावांना आणखी एक अट आहे. ज्या नमुन्यावर ते नाव कायमचं टांगलं जाणार तो नमुना, म्हणजे होलोटाइप, स्पष्टपणे नेमून द्यावा लागतो. पण नियम आहे म्हणून करते, हे उत्तर मी स्वतःलाही देत नाही. नियम नसता तरी मी हेच केलं असतं.

माझं बरंचसं काम शेणभुंगेऱ्यांवर आहे, त्यातही ऑन्थोफॅगस या जीनसवर, म्हणजे जवळच्या नात्यातल्या प्रजातींच्या गटावर. त्यात दोन हजारांहून जास्त प्रजाती आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा काळ्या किंवा तपकिरी, काही मिलिमीटर लांबीच्या आणि बघताक्षणी सारख्याच. फोटोत त्या गोल, चकचकीत आणि सुरेख दिसतात, पण ओळखू येत नाहीत. पाठीवरच्या ढालीवर बारीक खळगे असतात. ते एकेकटे आहेत की एकमेकांत मिसळलेत, प्रत्येकाच्या कडेला सूक्ष्म दाणा आहे का, आणि दोन खळग्यांमधला पृष्ठभाग गुळगुळीत आहे की त्यावर जाळीसारखी नक्षी आहे, यावर दोन प्रजाती वेगळ्या होतात. ही नक्षी प्रकाशाच्या मर्जीवर असते. दिवा थेट मारला की ती चमकेत बुडते; मध्ये बटर पेपर धरला की उमटते. त्यामुळे छायाचित्रात जे दिसतं त्यातलं काही भुंगेऱ्याचं असतं आणि काही दिव्याचं. मी मात्र नमुना फिरवून, प्रकाश तिरका करून, पुन्हा सरळ करून मगच 'खळगे विरळ, मधली जागा जाळीदार' असं लिहिते. शब्दांत निवाडा येतो, फोटोत तो येत नाही.

शिवाय फोटो समोर आहे तेवढंच दाखवतो, त्याचा अर्थ लावत नाही. शेणभुंगेऱ्याच्या पुढच्या पायाच्या नडगीवर बाहेरून दात असतात. माती उकरून उकरून ते झिजतात. म्हाताऱ्या भुंगेऱ्याची नडगी बोथट, नुकत्याच कोषातून निघालेल्याची धारदार. दोघांचे फोटो शेजारी ठेवले तर नवख्याला त्या दोन प्रजाती वाटतील. उलट स्कॅराबियस या जीनसमधल्या भुंगेऱ्यांना पुढच्या पायांना पाऊलच नसतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं नमुना मोडका आहे. तो अखंड आहे, त्याची घडणच तशी. हे कुणीतरी लिहून ठेवावं लागतं.

आता शिंगं. लोकांना ती आवडतात आणि वर्गीकरण करणाऱ्याचा घात तीच करतात. ऑन्थोफॅगसच्या अनेक प्रजातींत अळीपणी भरपूर खाल्लेला नर मोठा होतो आणि लांब शिंगं मिरवतो; कमी खायला मिळालेला नर लहान राहतो आणि त्याच्या डोक्यावर नावापुरते उंचवटे. मादीला बहुतेक वेळा शिंगं नसतातच. म्हणजे एकाच प्रजातीची तीन रूपं. भरीला, शिंग शरीरावर जिथे उगवतं तिथल्या शेजारच्या अवयवाचा वाटा ते खातं: डोळे, मिशा किंवा पंख तेवढे लहान राहतात. हे डग्लस एमलेन यांनी २००१ मध्ये दाखवलं. तेव्हा 'डोळे लहान' असं लिहिण्याआधी मला बघावं लागतं की हे लहानपण प्रजातीचं आहे की त्या एका नराच्या शिंगांनी केलेलं. म्हणून वर्णनात होलोटाइपनंतर फरकांचा एक परिच्छेद असतो: सर्वांत मोठा नर असा, सर्वांत लहान असा, मादी अशी. वाचणारे तो गाळतात. माझ्या मते संपूर्ण लेखातला सर्वांत प्रामाणिक भाग तोच.

खरा फरक मात्र पोटात असतो. सुकलेला भुंगेरा गरम पाण्यात मऊ करायचा, पोटाचं टोक हलकेच उघडायचं, बारीक चिमट्याने नराचं जननेंद्रिय बाहेर काढायचं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दहा टक्के द्रावणात ठेवायचं. स्नायू आणि चरबी विरघळतात, कायटिनचा कठीण सांगाडा उरतो. तो धुऊन ग्लिसरीनमध्ये बघायचा. बाहेरून जुळे वाटणारे दोन भुंगेरे इथे पार वेगळे निघतात: एकाच्या टोकाला आकडा, दुसऱ्याच्या टोकाला चपटी पात. ऑन्थोफॅगसमध्ये आणखी आत, दुमडलेल्या पिशवीत लहान कठीण तुकडे असतात, आणि पुष्कळदा निकाल त्यांच्या आकारावर लागतो. इतक्या आडबाजूच्या अवयवात इतकं वैविध्य का? फ्रान्सच्या लेऑं द्यूफूर यांनी १८४४ मध्ये कुलूप-किल्लीची कल्पना मांडली होती: परक्या प्रजातीशी समागम होऊ नये म्हणून. आज ती कल्पना सर्वत्र लागू पडते असं मानत नाहीत. माद्यांची निवड आणि नरांमधली स्पर्धा यांनाही मोठं वजन दिलं जातं. माझ्या कामापुरतं एवढं पुरे की हा भाग झपाट्याने बदलतो. काढलेला तुकडा काचेच्या इवल्या कुपीत घालून त्याच टाचणीला खाली अडकवते, म्हणजे मालक आणि अवयव यांची ताटातूट होत नाही.

"आणि डीएनए?" डीएनए मी वापरते आणि त्याची कदरही करते. साडेसहाशेच्या आसपास अक्षरांचा एक ठरावीक जीनचा तुकडा वाचला की कोणती मादी कोणत्या नराची, कोणती अळी कोणत्या भुंगेऱ्याची हे जुळवता येतं. ते काम नुसतं निरखून जमलं नसतं. अलेक्झांडर रीडेल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये न्यू गिनीतल्या ट्रायगोनॉप्टेरस या सोंडकिड्यांच्या १०१ नव्या प्रजाती एकाच लेखात मांडल्या, त्या डीएनए, फोटो आणि थोडक्या वर्णनांच्या जोरावर. पद्धत मला मान्य आहे. न वर्णिलेल्यांचा ढीग एवढा मोठा आहे की सगळ्यांना पानभर कोणी देऊ शकणार नाही. पण त्याच जीनसचा पाय दोन वर्षं आधी बारकाईने पाहिला गेला तेव्हा त्याच्या खुब्यात चक्क स्क्रू आणि नट निघाला. एका भागाला आतून आटे, दुसऱ्याला बाहेरून. प्राण्याच्या शरीरात अशी रचना तोवर नोंदलेली नव्हती. जीनच्या त्या तुकड्यात हा स्क्रू कुठेच वाचता येत नाही.

दुसरी अडचण जुन्या नावांची. भुंगेऱ्यांच्या वर्णिलेल्या प्रजाती चार लाखांच्या घरात आहेत आणि नावांची गणती १७५८ पासून, स्वीडिश निसर्गतज्ज्ञ लिनियस यांच्या ग्रंथापासून सुरू होते. त्यांचे शिष्य फाब्रिसियस यांनी जवळजवळ दहा हजार कीटकांना नावं दिली, पुष्कळदा लॅटिनच्या दोन-तीन ओळींत. त्यांच्या काळी त्या पुरत होत्या. आज त्याच ओळींत पाच-सहा प्रजाती आरामात बसतात. म्हणून माझा भुंगेरा नवा आहे असं म्हणण्याआधी मला संग्रहालयांतले जुने नमुने, त्यांच्या चिठ्ठ्या, त्यांची जननेंद्रियं पाहावी लागतात. या नमुन्यांतून डीएनए मिळेलच असं नाही, आणि त्यांच्यावर कात्री चालवायला संग्रहालयं सहज परवानगी देत नाहीत. ते योग्यच आहे. त्यांच्याशी माझ्या भुंगेऱ्याची गाठ घालून देणारा दुवा म्हणजे शरीररचना.

कधी नवी प्रजाती संग्रहालयातच पडून असते. डार्विन यांनी १८३२ मध्ये अर्जेंटिनात पकडलेल्या एका भुंगेऱ्याला नाव मिळालं २०१४ मध्ये. तो मधल्या काळात हरवला होता, लंडनच्या संग्रहातल्या इतर नमुन्यांत सापडला, आणि स्टायलियानोस हाझिमानोलिस यांनी त्याचं वर्णन डार्विनिलस सेडारिसी या नावाने केलं. त्याच्या मिशा करवतीसारख्या आहेत. हे त्यांच्या आधी कुणी लिहिलं असतं तर तो इतकी वर्षं बेनाम राहिला नसता.

नावांचं विचारणारेही असतात. स्वतःचं नाव नव्या प्रजातीला द्यायला संहितेची मनाई नाही, पण आमच्यात ते असभ्य समजतात. दुसऱ्यांची देतात. टेरी अर्विन यांनी २००२ मध्ये एका भुंगेऱ्याला अभिनेते अर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्यावरून आग्रा श्वार्झनेगरी म्हटलं, आणि गंमत म्हणून ते नाव सगळीकडे सांगितलं जातं. कारण विचारलं तर फार थोड्यांना माहीत असतं: त्या प्रजातीच्या नराच्या मधल्या पायांच्या मांड्या पिळदार दंडासारख्या फुगलेल्या आहेत.