ही बस पुलावरून जाते का?

शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) स्टिकरवर एंट्रीच्या रकान्यात ०१, म्हणजे एकदाच आत शिरायची परवानगी, असं लिहिलेलं असेल तर क्रोएशियातल्या स्प्लिट ते डुब्रोव्हनिक बसचं तिकीट घाईने काढू नका. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर ४४ युरो आणि एक अख्खी दुपार वाचली असती. राग अजून गेला नाहीये, म्हणून लिहितेय.

मे २०२५. मी आणि मावशी. मावशी साठीची, शाळेतून रिटायर झालेली, पाठीवर सॅक टाकून माझ्या दहा पावलं पुढे चालणारी. बेत होता व्हिएन्ना, बुडापेस्ट, क्राकाव, प्राग आणि परत व्हिएन्ना. व्हिएन्नात चौथ्या दिवशीही पाऊस थांबेना, तेव्हा मावशीने नकाशा पुढे ओढला. "अगं, इथून समुद्र किती लांब आहे?"

बेत बदलणं सोपं गेलं. युरेल पास (युरोपातल्या अनेक देशांच्या गाड्यांना चालणारा रेल्वे पास) होता, अ‍ॅपमधली बुडापेस्टची गाडी काढली, क्रोएशियाची राजधानी झाग्रेबची टाकली. (गाडीत चढायच्या आधी टाका. नंतर टाकलीत तर तिकीट तपासनीसाच्या लेखी तुम्ही विनातिकीट.) बुडापेस्टचं हॉस्टेल फुकट रद्द झालं, क्राकावचे पैसे बुडाले. व्हिसा ऑस्ट्रियाचा होता, म्हणून सगळ्यात जास्त दिवस ऑस्ट्रियातच राहतील एवढं मात्र पाहिलं. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे "व्हिसाची चिंताच नाही" असं मी मावशीला छातीठोकपणे सांगितलं.

डुब्रोव्हनिकला रेल्वेच नाही, तिथे पास संपतो. मी झाग्रेबमधूनच मोबाइलवर स्प्लिट ते डुब्रोव्हनिक बसची दोन तिकिटं काढून ठेवली.

स्प्लिटच्या हॉस्टेलमध्ये काउंटरवरच्या मुलीने पासपोर्टची नोंद करताना सहज विचारलं, उद्याची बस पुलावरून जाते की नेउममधून? मला नेउम काय ते ठाऊक नव्हतं. तिने कागदावर किनारा काढून दाखवला. क्रोएशियाची किनारपट्टी मध्येच तुटते आणि बोस्नियाचा एक चिंचोळा तुकडा समुद्राला येऊन टेकतो, तो नेउम. जुना रस्ता त्यातून सुमारे नऊ किलोमीटर जातो. म्हणजे शेंगेनमधून बाहेर आणि पुन्हा आत. बोस्निया भारतीयांना मल्टिपल एंट्रीच्या शेंगेन व्हिसावर आत घेतो, आमच्या सिंगलवर नाही. आणि एकदा बाहेर पडल्याचा शिक्का बसला की परत आत यायला आमच्याकडे दुसरी एंट्रीच नव्हती. परतीचं विमान व्हिएन्नाहून!

हे टाळायला पेल्येशात्सचा पूल आहे, २०२२ च्या जुलैत सुरू झालेला, जवळजवळ २.४ किलोमीटरचा. पण सगळ्या बस त्यावरून जात नाहीत. काही अजून नेउमलाच चहापाण्याला थांबतात, तिथे खाणं आणि सिगारेट स्वस्त पडते म्हणून. माझ्या तिकिटावर वेळ होती, सीट होती, मार्गाचा उल्लेख नव्हता.

मग बस स्टँडवर सुरू झाली खिडक्यांची वारी. चौकशीच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, पासपोर्ट आहे ना, मग झालं. मी स्टिकरवरच्या ०१ वर बोट ठेवलं. त्यांनी ते बोट बघितलं, स्टिकर नाही. "नो प्रॉब्लेम." म्हटलं, बाई, प्रॉब्लेम तुम्हाला नाही, मला आहे. तिथून बस कंपनीच्या खिडकीवर. तिथे उत्तर, तिकीट अ‍ॅपवरून काढलंय, अ‍ॅपला विचारा. अ‍ॅप म्हणतं, मार्ग बस कंपनी ठरवते. पुन्हा त्याच खिडकीवर गेले तर आतला माणूस जेवायला. मी काचेसमोर फेऱ्या मारत होते आणि मावशी सॅकवर बसून शेजारच्या आजींना भुईमुगाच्या चिक्की देत होती. "तू ओरडलीस म्हणून तो लवकर जेवणार आहे का?" नाही जेवला. पाऊण तासाने आला आणि म्हणाला, ड्रायव्हरला विचारा.

ड्रायव्हर सकाळी, बस सुटायच्या दहा मिनिटं आधी उगवला. रात्री हॉस्टेलच्या मुलीकडून पाठ केलेलं वाक्य मी त्याला म्हटलं, "इदे ली प्रेको मोस्ता?" पुलावरून जाते का? त्याने मान हलवली. "नेउम. काव्हा." कॉफी. हसला पण.

ती बस आमच्याशिवाय गेली. पैसे परत नाहीत. युरोपात रेल्वे तासभर उशिरा पोचली तर तिकिटाचे २५ टक्के परत मिळतात, दोन तासांना ५०, हे मला पाठ होतं. त्याचा इथे काडीचाही उपयोग नाही, कारण बस वेळेवर सुटली आणि न चढणाऱ्या आम्ही. उन्हाळ्यात बंदरावरून कॅटामरानही जाते आणि ती क्रोएशियाच्याच पाण्यातून जाते, पण मावशीला बोट लागते.

शेवटी दुसऱ्या कंपनीच्या खिडकीवर एका तरुण मुलीने आमचं नीट ऐकून घेतलं. तिने फोन लावून खात्री केली आणि तिकिटावर बॉलपेनने 'मोस्त', म्हणजे पूल, लिहून खाली दोन रेघा ओढल्या. अ‍ॅपपेक्षा मला त्या दोन रेघांचा भरवसा वाटला. तरी पूल दिसेपर्यंत मी मोबाइलच्या नकाशावरचा निळा ठिपका सोडला नाही.

पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांना बहुतेक वेळा प्रवासापुरताच व्हिसा मिळतो, तेव्हा स्टिकर हातात आल्या आल्या तो रकाना बघा. आम्ही बघितला होता, विसरलो होतो.

आणि हो, बसच्या पोटात सामान टाकायला ड्रायव्हर वेगळे पैसे घेतो, रोख आणि सुटे. माझ्याकडे पन्नासची नोट होती. मावशीने कमरेच्या बटव्यातून दोन-दोन युरोची नाणी काढून मोजून दिली.