खडूची फुली

सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांची पोती मोजली. बँकेचं कर्ज घेतलेल्या व्यापाऱ्याच्या गोडाऊनमध्ये जायचं, कागदावर दाखवलेला माल जागेवर आहे का ते बघायचं आणि रिपोर्ट लिहायचा. मार्केट यार्डातला गूळ, भोसरीतल्या पत्र्याच्या कॉइल, लक्ष्मी रोडच्या माळ्यांवरची साड्यांची गाठोडी. लोक विचारायचे, म्हणजे नक्की काय करता? मी म्हणायचो, मोजतो.

एकदा हडपसरला सकाळी साबुदाण्याची चारशे पोती मोजली. दुपारी त्याच व्यापाऱ्याच्या वाघोलीच्या गोडाऊनला गेलो, तर तिथेही चारशेच्या आसपास. दोन्ही आकडे त्याच्या कागदाशी तंतोतंत जुळत होते. निघता निघता खालच्या थरातल्या एका पोत्यावर निळ्या खडूची फुली दिसली. माझीच, सकाळची. मी वाटेत जेवायला थांबलो तेवढ्यात माल टेम्पोतून माझ्या पुढे गेला होता. रिपोर्ट दिला. साहेब म्हणाले, बघतो. पुढे काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही, पण चालता माल मोजणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

आता रिटायर झालोय, पाषाणला राहतो, आणि मोजायला काही नाही. तर नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने बाहेरच्या समुद्रातल्या मासेमारीचे नवे नियम काढले आणि हर्णैहून मामेभावाचा फोन आला. यांत्रिक बोटींना आता बारा सागरी मैलांच्या पलीकडे जायचं तर ॲक्सेस पास लागणार. फुकट आहे, पण ऑनलाइन. ‘तू शिकलेला, तूच भर.’ आमच्या घरात ही पदवी फक्त फॉर्म भरायच्या वेळी मिळते.

फॉर्म भरायला बसलो आणि वाचत गेलो. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल राज्याचे, म्हणजे महाराष्ट्राचा १९८१चा मासेमारी नियमन कायदा. तिथून दोनशे मैलांपर्यंत केंद्राचं. त्यापुढे कुणाचंच नाही, म्हणजे सगळ्यांचं. बाराव्या मैलावर नाका नाही, दोनशेव्या मैलावर तारेचं कुंपण नाही, आणि मासा काही सातबारा बघून पोहत नाही. नव्या नियमांत एलईडी दिवे लावून मासेमारी करायला बंदी आहे, दोन बोटींनी मिळून एक जाळं ओढायलाही बंदी. मामेभाऊ म्हणाला, ‘एलईडीला २०१७पासून बंदीच आहे की. तरी रात्री बाहेर बघ, दिवाळी असते नुसती.’

वाचता वाचता एक नाव परत परत येत होतं, हिंद महासागर ट्यूना आयोग. कचेरी सेशेल्समध्ये, व्हिक्टोरिया नावाच्या गावात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या छत्राखाली, १९९६पासून. भारत सदस्य आहे. म्हटलं, ट्यूनाशी आपला काय संबंध? आमच्याकडे ट्यूनाला, म्हणजे कुप्याला, कुणी सुरमईच्या पंक्तीला बसवत नाही. मग आयोगाच्या ताब्यातल्या सोळा माशांची यादी उघडली. पिवळ्या पराचा ट्यूना, मोठ्या डोळ्यांचा, तलवार मासा, मार्लिन... आणि खाली, ठळक अक्षरांत, आपली सुरमई. मी दर रविवारी गणेश पेठेतून जिचे तुकडे आणतो, जिच्या डोक्यावरून माझी आणि बायकोची अजून भांडणं होतात, तिचा हिशेब सेशेल्समध्ये ठेवला जातो. तोवर मी तिला हर्णैचीच समजत होतो.

मग काय, जुना रोग उफाळला. ताळेबंद बघायचाच.

ताळेबंद रंगीत असतो. चार खाने, हिरव्यापासून लालपर्यंत. लाल म्हणजे दुहेरी अडचण, साठा आधीच घटलेला आणि वर उपसाही प्रमाणाबाहेर. २०१७च्या हिशेबात सुरमई लाल खान्यात होती. पण मला रंगापेक्षा तो रंग काढला कसा याचं नवल वाटलं. सुरमईची नीट माहिती बहुतेक देशांकडे नव्हती, म्हणून साठ्याचा अंदाज मुख्यतः पकडीच्या आकड्यांवरून बांधला. आमच्या भाषेत सांगायचं तर गोडाऊन न उघडता, नुसती विक्रीची वही बघून, आत किती पोती उरली असतील ते सांगायचं. आणि ती विक्रीची वहीसुद्धा दुकानदारानेच लिहून पाठवायची. असा रिपोर्ट मी दिला असता तर माझं पॅनेलवरचं नाव दुसऱ्या दिवशी गेलं असतं.

त्या शास्त्रज्ञांना हसण्यासाठी हे लिहीत नाही. समुद्रात शिडी लावून पोती मोजता येत नाहीत, हे मलाही कळतं. आणि त्यांनी माझ्या खडूच्या फुलीपेक्षा भारी काम करून ठेवलंय. २००५ ते २००७ या काळात, बहुतांश टांझानियाच्या किनाऱ्यासमोर, त्यांनी १ लाख ६८ हजारांहून जास्त ट्यूना पकडले, पाठीच्या पराजवळ प्लास्टिकची बारीक पिवळी काडी खोचली, तिच्यावर नंबर, आणि मासा परत पाण्यात सोडला. पुढे ज्याच्या जाळ्यात तो येईल त्याने काडी परत द्यायची आणि बक्षीस घ्यायचं. हजारो काड्या परत आल्या. कुठे सोडला, कुठे मिळाला, मधल्या काळात किती वाढला, सगळं त्यावरून कळलं. एकाच महासागरात एकच माल फिरतोय आणि प्रत्येक देश त्याला आपल्या गोडाऊनचा म्हणतोय, हे त्या पिवळ्या काड्यांनी दाखवलं. मी तो भाग वाचून खुर्चीतून उठलो आणि चहा केला. बायको म्हणाली, काय झालं? म्हटलं, फुली सापडली.

फुली सापडली तरी वसुली होतेच असं नाही. पिवळ्या पराच्या ट्यूनाचंच घ्या. २०१५ साली तो लाल खान्यात गेला. २०१६ साली ठरलं, २०१४च्या तुलनेत पकड कमी करायची, मोठ्या पर्ससीन जहाजांनी, म्हणजे थवाच्या थवा जाळ्याने वेढून उचलणाऱ्यांनी, पंधरा टक्के. छोट्या मच्छीमारांच्या देशांना यातून बरीच सूट. दोन वर्षांनी बेरीज केली तर एकूण पकड घटण्याऐवजी वाढलेली. ज्यांनी कमी केली त्यांनी केली, सुटलेल्यांनी ती भरून काढली. स्किपजॅक नावाच्या छोट्या ट्यूनाची तीच गत. २०१८ ते २०२०साठी वर्षाला ४ लाख ७० हजार टनांची मर्यादा, आणि पहिल्याच वर्षी पकड ६ लाख टनांच्या वर. मर्यादा सगळ्यांची मिळून होती, कुणाच्याच नावावर नव्हती. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा अनुभव असलेल्या कुठल्याही पुणेकराला हे समजावून सांगायची गरज नाही.

आणि एक कलम तर असं आहे की मी ते तीनदा वाचलं. आयोगाने ठराव केला, तो एखाद्या देशाला पटला नाही, तर एकशेवीस दिवसांत आक्षेप नोंदवायचा. मग तो ठराव त्या देशाला लागूच होत नाही. २०२१च्या पिवळ्या पराच्या ठरावावर भारताने असा आक्षेप घेतला. मला आधी राग आला. मग दुसरी बाजू वाचली. युरोपातून आलेली अवाढव्य जहाजं इथे वर्षानुवर्षं ट्यूना उपसून नेतात. समुद्रात तरंगते तराफे सोडतात, त्यांना उपग्रहाचा बोया, खाली किती मासा जमलाय ते सांगणारं यंत्र. सावलीला मासा जमला की जाळं, आणि त्यात मोठ्यांबरोबर पोरं-टोरंही. त्यांनी पोट भरून खाल्लं आणि आता पान वाढायची वेळ आमची आली तर म्हणतात, उपास धरा. हा युक्तिवाद खोटा नाही. पण २०२३ साली मोम्बासाच्या बैठकीत त्याच तराफ्यांवर ७२ दिवसांची बंदी मंजूर झाली, तेव्हा युरोपीय संघाने आणि इतर कितीतरी देशांनी हेच आक्षेपाचं दार वापरलं आणि ती बंदी कागदावरच राहिली. दार एकच, आत-बाहेर करणारे वेगळे.

२०२४च्या हिशेबात पिवळा पर लालमधून बाहेर आला. आनंद आहे. फक्त सवयीने मी आधी हे बघितलं की मोजायची रीत बदलली का. बदलली होती. पकडीच्या दराची, म्हणजे तेवढ्याच कष्टाला किती मासा मिळतो त्याची, नवी, सुधारलेली मालिका वापरली होती आणि चित्र सुधारण्यात तिचा मोठा हात होता. मालाची किंमत धरायची पद्धत बदलल्यावर ज्या वर्षी नफा निघतो त्या वर्षीचा ताळेबंद मी दोनदा वाचायचो. तो चुकीचा असतोच असं नाही. पण दोनदा वाचायचा.

हा सगळा उद्योग चालू असताना मी एका रविवारी गणेश पेठेत टेप घेऊन गेलो. ऑडिटची जुनी, पिवळी, कमरेला अडकवायची. मावशींच्या पाटावर सुरमया ओळीने मांडलेल्या. एक उचलून मोजली, शेपटीच्या खाचेपर्यंत बावन्न सेंटिमीटर. वजनाला किलोच्या आसपास.

‘मासा न्यायचाय का झबलं शिवायचंय?’ मावशी म्हणाल्या.

सुरमई अंडी घालण्याजोगी होते ती साधारण पाऊण मीटरच्या पुढे. म्हणजे दोन माणसांना पुरते म्हणून मी इतकी वर्षं कौतुकाने जी किलोची सुरमई आणतोय, ती बहुतेक वेळा एकदाही अंडी न घातलेली पोर. महाराष्ट्राने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिलाय, पापलेटसाठी १३५ मिलिमीटर. त्याच पाटावरचं एक पापलेट मोजलं, शेपटी धरूनही बारा सेंटिमीटर भरेना. त्याच वर्षी आपण त्याला राज्यमासा केलं होतं.

मी विचारलं, ‘मावशी, ही सुरमई कुठली?’

‘ताजी आहे.’

‘ताजी आहेच हो. पण कुठली?’

‘गाडीतली.’

गाडीवाल्याकडे गेलो. त्याने चिठ्ठी दाखवली. ‘सुरमई मिक्स, ३ बॉक्स.’ गाडी रत्नागिरीहून भरली होती, पण त्यातला काही माल वेरावळचा, काही मालपेचा, बर्फ बदलताना सगळा एकत्र झालेला. कुठल्या बोटीने पकडला, कोणत्या दिवशी, किती मैलांवर, काही नाही. सेशेल्सच्या ताळेबंदातला एक कण माझ्या पिशवीत होता आणि त्याची पहिलीच नोंद गायब होती. मावशींचा यात काही दोष नाही. इतक्या वर्षांत त्यांना हा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईकच आलं नव्हतं. मी स्वतःसुद्धा फक्त कल्ला उचलून लाल आहे का तेवढं बघत आलो.

परत येताना पाषाण रस्त्यावर उष्णदेशीय हवामान संस्थेवरून बस जाते. तिथल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली मांडलं होतं की पश्चिम हिंद महासागरातलं वनस्पती-प्लवंग, म्हणजे माशांच्या साखळीचा अगदी तळचा घास, सहा दशकांत वीस टक्क्यांपर्यंत घटलंय, कारण पाणी तापतंय. पंधरा वर्षं त्या फाटकावरून मी ये-जा केली. आत माझ्या ताटाचं ऑडिट चाललंय, याचा पत्ता नव्हता.

मामेभावाचा पास आला. तो सांगायला फोन केला तेव्हा मागून मामाचा आवाज आला. मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, एकेकाळचा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. त्याला विचारलं, मामा, तुमच्या वेळी किती सुरमई मिळायची? म्हणाला, वही आहे ना. खलाशांचा वाटा घालायला लिहायचो.

गेल्या आठवड्यात वही कुरियरने आली. शाळेची दोनशे पानी, वर वाळवीची नक्षी, आत शिसपेन्सिल. तारीख नाही, तिथी आहे. ‘कार्तिक शु. ८. सुवर्णदुर्गाच्या भाएर १८ वाव. सुरमय ४१.’ दिवस आहे, जागा आहे, खोली आहे, मासा आहे. सेशेल्सवाल्यांना हवं असतं ते जवळजवळ सगळं. फक्त वजन नाही, सगळं नगावर.

एक्सेल उघडून भरायला घेतलं आणि वजनाच्या रकान्यापाशी अडलो. मामाला फोन लावला.

‘मामा, त्या एक्केचाळीस सुरमया केवढ्या होत्या?’

‘मोठ्या.’

‘मोठ्या म्हणजे?’

‘अरे, शेपटी जमिनीला टेकवून उभी धरली तर तोंड माझ्या कमरेला. सगळ्या नाय, पण निम्म्या तरी.’

‘तुझी कंबर जमिनीपासून किती?’

पलीकडे शांतता. मग मामाचं हसू, मग मामीचं, मग शिवणाच्या मशीनचा खण उघडल्याचा आवाज. ‘उभे ऱ्हा सरळ,’ मामी म्हणाली. ‘हलू नका.’ आणि मग मला, ‘लिही रे. सदतीस इंच.’