तांबं जास्त निघालं तेव्हा
आज शिरोलीच्या फाउंड्रीत दुसऱ्या पाळीला स्पेक्ट्रोचा, म्हणजे भट्टीतल्या लोखंडातले घटक मोजणाऱ्या यंत्राचा, रिपोर्ट आला : तांबं ०.४५ टक्के. ओतायचं होतं एसजी ४००/१५, म्हणजे न तुटता बरंच ताणलं जाणारं ओतीव लोखंड. त्यात एवढं तांबं चालतच नाही. लोखंडातला पर्लाइट हा कडक घटक वाढतो आणि १५ टक्के इलाँगेशन, म्हणजे तुटण्याआधीचं ताणलं जाणं, मिळत नाही. भंगारात मोटारीचं वाइंडिंग आलं असणार. कार्बन, सिलिकॉन दुरुस्त करता येतं, पण तांबं एकदा विरघळलं की स्लॅगमधून, म्हणजे वर तरंगणाऱ्या मळीतून, निघत नाही. पिग आयर्न (जवळपास तांबं नसलेलं कच्चं लोखंड) घालून प्रमाण उतरवावं, तर भट्टी काठोकाठ भरलेली.

मेल्टिंगच्या काकांनी लगेच ५००/७ या जास्त कडक ग्रेडचे साचे पुढे घ्यायला लावले. त्या ग्रेडला आपण तांबं मुद्दाम घालतो! हीट कार्डवर (या ओताच्या नोंदीच्या कार्डावर) ग्रेड बदलला, मग ग्राफाइट गोल करणारी मॅग्नेशियम ट्रीटमेंट, मग ओतकाम. भट्टीसमोर इतक्या शांतपणे निर्णय घेणाऱ्या माणसांचा मला फार अभिमान वाटतो. ४००/१५ चे साचे उद्या पहिल्या पाळीला.