एसपीडी पेडल आणि रोडचे बूट, नोंद चौथी: डुलणं थांबलं

रोडच्या सायकलिंग बुटांना शिमानोचं एसपीडी पेडल जुळवायचा माझा प्रयोग चालू आहे. या पेडलमध्ये बुटाच्या तळव्याला बोल्टनं लावलेला धातूचा छोटा तुकडा, म्हणजे क्लीट, अडकतो आणि टाच बाहेर फिरवली की सुटतो. रविवारी पद्मालयाला जाऊन आलो. जळगाव, बांभोरीचा पूल, पाळधी, एरंडोल, पद्मालय आणि त्याच वाटेनं परत. ऐंशीच्या आसपास किलोमीटर झाले आणि अडीच महिन्यांत पहिल्यांदाच उजवा पाय एकदाही डुलला नाही. करंगळीकडची बाजू बधिर झाली नाही. घरी आल्यावर बूट काढून मी आधी तळवा बघितला, मग पाणी प्यायलो.

तिसऱ्या नोंदीत मी लिहिलं होतं की तीन बोल्टच्या रोडच्या बुटावर दोन बोल्टच्या एसपीडी क्लीटसाठीची जोडपट्टी बसली, तिच्यावर एसएच५१ ही क्लीट लागली, मेहरूण तलावाच्या फेऱ्या झाल्या आणि सगळं जमलं. ते वाक्य मागे घेतो. कोणी त्या भरवशावर पट्टी मागवली असेल तर बोल्ट आवळण्याआधी ही नोंद पूर्ण वाचा. तलावाभोवती रस्ता सपाट आणि मी पूर्णवेळ सीटवर बसून. तिथे खोट दिसणारच नव्हती. ती दिसली पालच्या रस्त्यावर.

सावद्याहून पालला जाताना खिरोद्याच्या पुढे सातपुडा अंगावर यायला लागतो. तिथल्या पहिल्या खऱ्या चढावर उभा राहून पेडल मारायला लागलो आणि उजवा पाय होडीत उभं राहिल्यासारखा आत-बाहेर हलू लागला. वाटलं, सवयीनं जाईल. पुढच्या वळणावर केळीची ट्रॉली समोर आली, थांबणं भाग होतं. टाच बाहेर फिरवली. बूट फिरला, क्लीट फिरली नाही. मी उजव्या अंगावर मुरमात पडलो, पाय पेडललाच. कोपर सोललं. ट्रॉलीवरचे दोघं धावत आले, एकानं सायकल धरली आणि दुसरा म्हणाला, "बूटच काढ ना भो, पाय काबरं ओढतो?" घाबरलेल्या माणसाला हे सुचत नाही. बुटाची लेस आवळणारी बोआची चकती सैल केली, पाय बाहेर आला आणि बूट पेडलला लटकत राहिला.

पेडलच्या पकडीच्या ताणाचा स्क्रू पूर्ण सैल करून, पाना अडकवून क्लीट सोडवली. दोनपैकी एक बोल्ट गायब होता, दुसरा बोटानं फिरत होता. एका बोल्टवर क्लीट फक्त गोल फिरते, अडकलेला पाय सुटतच नाही. सावद्यापर्यंत सायकल आणि मी ट्रॉलीत, केळीच्या घडांशेजारी आलो. त्या दोघांनी चहाचेही पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर पहिला संशय स्वतःच्या हातावर गेला. पण डावा बूट तपासला तर तिथेही बोल्ट सैल होत आलेले, आणि ते मी ठरलेल्या जोरावर कट्ट आवाज देणाऱ्या टॉर्क रेंचनं ५ न्यूटन-मीटरला आवळले होते, म्हणजे ५ ते ६ च्या मर्यादेतच. मग पट्टी काढली. बुटाच्या कार्बन तळव्यावर दोन गोल चकचकीत ठसे होते, बरोबर बोल्टच्या जागी. बोल्ट लांब होता. पट्टीतून आरपार जाऊन त्याचं टोक तळव्याला टेकत होतं. रेंचनं कट्ट आवाज दिला तो बोल्ट तळाला टेकल्याचा, क्लीट दाबली गेल्याचा नव्हे. उलट तो बोल्ट पट्टीलाच तळव्यापासून वर ढकलत होता. मी तेव्हापासून कुठल्याही पट्टीत बोल्ट टाकायच्या आधी क्लीट न लावता नुसती पट्टी हातात धरून तो मागून किती बाहेर येतो ते बघतो, मग त्यातून क्लीटची जाडी वजा करतो.

ज्या ऑनलाइन दुकानातून पट्टी घेतली त्यांनी पाकिटात बोल्ट दिले होते, पण लांबीबद्दल एक ओळ नव्हती. याचा मला राग आहे. पट्टी विकणाऱ्यानं ही लांबी स्वतः मोजून द्यायला हवी. माझं कोपर सोललं, हायवेवर हेच झालं असतं तर मागून ट्रक असतो.

बोल्ट कापणं सोपं आहे. आधी त्याच्यावर एम५ चा नट पूर्ण चढवायचा, मग हॅकसॉनं दोन मिलिमीटर कापायचं, कानसनं टोक घासायचं आणि नट उलटा काढायचा. नट निघताना कापलेले आटे साफ करून जातो. चार बोल्ट, अर्धा तास. त्यावर आटे सैल होऊ न देणारं निळं लॉकटाइट २४३, आणि बोल्टच्या डोक्यावरून क्लीटवर येईल अशी बहिणीच्या नेलपॉलिशची एक रेघ. त्या दिवसापासून प्रत्येक राइडनंतर रेघ बघतो. अजून एक केसभरही सरकलेली नाही. बोल्टच्या डोक्यातल्या षटकोनात मेणबत्तीचं मेण ओतून ठेवा. आपली काळी माती तिथे भरून वाळली की ४ मिमीचा पाना आत जात नाही, आणि स्वस्तातला पाना असेल तर डोकंच गोल करून टाकतो. या एका पान्यावर पैसे वाचवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

बोल्टचं कोडं सुटलं म्हणून आनंदानं बाहेर पडलो आणि पाळधीपर्यंत जायच्या आत कळलं की पाय अजून डुलतोय.

पट्टी सपाट आणि रोडच्या बुटाचा तळवा वाकडा, पुढून मागेही आणि थोडा आडवाही. सपाट फळी उलट्या कढईवर ठेवावी तसं. तीन बोल्ट आवळले की पट्टी मधे टेकते आणि कडा मोकळ्या राहतात. आधी त्या फटीत जुन्या ट्यूबचं रबर घातलं. ती चूक होती. रबर दबतं, दबलं की बोल्टचा ताण जातो. तिथे कडक भरणच पाहिजे. शेवटी एम-सील मळलं, बुटाच्या तळव्यावर पॉलिथिनचा तुकडा पसरला म्हणजे ते कार्बनला चिकटणार नाही, पट्टीच्या मागे एम-सील थापलं आणि तिन्ही बोल्ट हलक्या हातानं लावून रात्रभर ठेवलं. सकाळी पट्टी काढली तर तिच्या पाठीवर बुटाच्या तळव्याचा हुबेहूब साचा उतरला होता. बुटावर परत ठेवली तेव्हा बोल्ट न लावताही ती हलत नव्हती. या अडीच महिन्यांत मला सगळ्यात जास्त समाधान त्या सकाळी मिळालं. पट्टी आणि एम-सील मिळून पायाची उंची ६ मिमीनं वाढली, म्हणून सीट ५ मिमी वर घेतली.

पुढे-मागे होणारं हलणं गेलं. आडवं डुलणं राहिलंच. पन्नास किलोमीटरनंतर करंगळीकडची बाजू परत बधिर.

इथे मी आठवडाभर अडकलो होतो. एसएच५६ मागवून बघितली, कारण ती जास्त दिशांनी सुटते आणि पडण्याची भीती कमी होईल असं वाटलं. पण उभं राहून जोर लावताना तीच भलत्या वेळी सुटायची. परत एसएच५१ वर आलो आणि ताण सैल ठेवला. पेडल बदलायचाही विचार आला. मग एका संध्याकाळी मित्राचे एमटीबीचे, म्हणजे डोंगरी सायकलचे, बूट घरी आणले, माझ्याच एम५२० पेडलमध्ये अडकवले आणि टॉर्च लावून बाजूनं बघत बसलो. त्याच्या क्लीटच्या दोन्ही बाजूंना रबराचे उंचवटे होते आणि ते पेडलच्या अंगावर टेकले होते. माझ्या बुटात त्याच जागी हवा होती.

इतके दिवस मी क्लीटकडे बघत होतो. लूक कंपनीनं १९८४ मध्ये स्कीच्या बाइंडिंगवरून पेडल आणलं आणि १९८५ मध्ये बर्नार इनोनं त्यावर टूर द फ्रान्स जिंकली. त्या घराण्यातली क्लीट म्हणजे प्लास्टिकचा मोठा त्रिकोण, तो पेडलवर रुंद बसतो, म्हणून बुटाचा तळवा गुळगुळीत असला तरी चालतं. आधार क्लीटमध्येच आहे. शिमानोनं १९९० मध्ये एसपीडी आणली ती सायकलवरून उतरून चिखलात चालणाऱ्यासाठी. धातूची छोटी क्लीट तळव्याच्या खोबणीत लपलेली, आणि आधार द्यायचं काम तळव्याच्या रबराकडे. क्लीट फक्त धरून ठेवते. मी दोन्हीकडचा आधार नसलेली बाजू उचलली होती. छोटी क्लीट पेडलची, गुळगुळीत तळवा बुटाचा.

म्हणजे मला बुटाला ते रबराचे उंचवटे द्यायचे होते. त्याला मी पंख म्हणतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी चपला शिवणारे काका बसतात. त्यांना बूट, पेडल सगळं दाखवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "चालायला पाहिजे का दाबायला?" दाबायला म्हटल्यावर त्यांनी मऊ सोलचं रबर बाजूला ठेवलं आणि ट्रकच्या टायरचा, आत दोऱ्याचे थर असलेला तुकडा काढला. मऊ रबर पायाखाली बसतं, हे बसत नाही. रापीनं चार पट्ट्या कापून दिल्या. तळवा पॉलिश पेपरनं खरवडून घ्यायला लावला आणि मग त्यांचं पिवळं सोल्यूशन दोन्हीकडे लावून, वाळू देऊन, हातोडीनं ठोकून पट्ट्या बसवल्या.

मग जाडीचं काम. सुरुवातीला ७ मिमी होती, क्लीट अडकतच नव्हती. ८० नंबरचा पॉलिश पेपर फरशीवर चिकटवला आणि बूट त्यावर घासत गेलो. अर्धा मिमी घासायचं, भिंतीला धरून सायकलवर बसायचं, अडकवून बघायचं. मोजमापासाठी वर्तमानपत्राची पट्टी वापरली. बूट अडकवल्यावर पंख आणि पेडल यांच्या फटीत ती सरकवायची. सहज सरकली तर पंख कमी पडतोय, पाय डुलणार. फाटली तर जास्त झालाय, सुटायला त्रास होणार. ओढताना अडखळली पण फाटली नाही की थांबायचं. तीन संध्याकाळी गेल्या. उजव्या बुटाचा बाहेरचा पंख ६ मिमीवर जमला आणि आतला साडेपाचवर. आधी मी दोन्ही सारखे ठेवायचा हट्ट धरला होता. तळवा आडवाही वाकडा आहे हे एम-सीलच्या साच्यात दिसत होतं, तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. डाव्या बुटाचे आकडे वेगळे निघाले, म्हणून माझे आकडे कोणी उतरवून घेऊ नका. कागद घ्या.

त्यानंतर रविवारचं पद्मालय. जंगलातल्या शेवटच्या चढावर मुद्दाम उभा राहून जोर लावला. पाय पाटावर ठेवल्यासारखा. आणि एक गोष्ट हिशोबात नसताना मिळाली: चालता येतं! आधी लोखंडी क्लीट शहाबादी फरशीवर घसरायची, आईनं ते बूट घालून घरात यायला बंदी केली होती. आता वजन टायरच्या रबरावर पडतं. एरंडोलला ढाब्यावर शेवभाजी आणि भाकरीसाठी थांबलो तेव्हा सायकलपासून टेबलापर्यंत सरळ चालत गेलो. ब्रेव्हे, म्हणजे वेळेच्या मर्यादेतल्या लांब पल्ल्याच्या राइड, करणाऱ्यांना याची किंमत सांगायला नको. शेवटच्या कंट्रोलला, म्हणजे वाटेतल्या नोंदीच्या थांब्यावर, पाय थकलेले असताना घसरणं फार वाईट.

इथे नोंद संपायला हवी होती. पण सोमवारी घामेजलेले बूट गच्चीवर वाळत टाकले आणि दुपारी बघतो तर डाव्या बुटाचा बाहेरचा पंख चार मिमी सरकलेला. सोल्यूशन उन्हानं मऊ झालं. ही ऑक्टोबरची ऊन्हं, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो आणि डांबराजवळ त्याहून जास्त. चिकटवलेला पंख खानदेशात टिकणार नाही. काकांचा दोष नाही, त्यांचं काम चपलेसाठी बरोबर आहे.

तर पंख स्क्रूनंच बसवायचे, तळव्याला नाही तर पट्टीला, कारण कार्बनला भोक पाडणार नाही. पट्टीच दोन्ही बाजूंनी रुंद करायची आणि टायरचं रबर तिच्यावर खालून स्क्रूनं धरायचं. जळगावात पीव्हीसीचे तुकडे म्हणाल तेवढे मिळतात, म्हणून पहिल्यांदा पीव्हीसीच डोक्यात होतं. पण लिहिता लिहिता वाटतंय की ज्या कारणानं ट्यूबचं रबर नको, त्याच कारणानं पीव्हीसीही नको. सतत दाबाखाली आणि उन्हात ते हळूहळू बसतं, आणि बोल्ट परत सैल. ४ मिमीचं ॲल्युमिनियम घेतो.

आणि पट्टी नव्यानंच कापायची तर क्लीटची भोकं ८ मिमी मागे घेतो. विकतच्या पट्टीत क्लीट फार पुढे येते, क्लीट सरकवायची खाच मागे संपते, आणि पोटऱ्या चढावर भरून येतात. हे मी आतापर्यंत बुटाच्या मापावर ढकलत होतो. माझी ३०० किलोमीटरची ब्रेव्हे आहे, २० तासांची मर्यादा, त्यात पोटरीवर एवढा ताण नको. एम-सीलचा साचा नवीन पट्टीसाठी परत करावा लागेल, हरकत नाही, एका रात्रीचं काम.

पुठ्ठ्याचा नमुना कापून झालाय. उद्या एमआयडीसीत मिलिंग करणाऱ्या दादांकडे देतो. पट्टी हातात आली की पहिली राइड खिरोद्याच्या पुढच्या त्याच चढावर, आणि खिशात ४ मिमीचा पाना आणि दोन जादा बोल्ट, कापलेले.