क्यूबेकची काकवी

मॉन्ट्रियलबद्दल फार लिहीत नाही. दोन दिवसांत लक्षात राहिले ते मधाच्या पाण्यात उकळून लाकडाच्या भट्टीत भाजलेले गरमागरम बेगल (कड्यासारखे गोल पाव), आणि आईला तेही 'जरा चिवटच' वाटले. तिथून रेल्वेने तीन-सव्वातीन तासांवर क्यूबेक सिटी. तिचं खरं पोट भरलं ते इथे.

गाव दोन मजली आहे. वर तटबंदी आणि शातो फ्रॉन्तेनाक हे 1893 सालचं किल्ल्यासारखं हॉटेल (आम्ही फक्त लॉबीत हात शेकून घेतले); खाली नदीकाठी 1608 मध्ये शाम्प्लँ या फ्रेंच दर्यावर्द्यानं वसवलेली मूळ वस्ती. हॉटेलसमोरच्या लाकडी फळ्यांच्या सज्जाला डफरिन टेरेस म्हणतात. "डफरिन म्हणजे आपला तो व्हाइसरॉय?" आईनं विचारलं. तोच! 1885 साली मुंबईत काँग्रेस स्थापन झाली तेव्हा हिंदुस्थानात हाच व्हाइसरॉय होता. त्याआधी तो कॅनडाचा गव्हर्नर जनरल होता. तटाची अडचण होते म्हणून गावकरी तो पाडायला निघाले होते, ते यानं थांबवलं. आज त्याच तटावरून लोक फोटो काढत हिंडतात.

मार्च संपत आला होता तरी सेंट लॉरेन्समधून बर्फाचे तुकडे वाहत होते. नदी इथे अचानक अरुंद होते आणि गावाच्या नावाचा अर्थही मूळ आदिवासी भाषेत तोच. समोरच्या काठावरच्या लेव्ही गावाला जाणारी फेरीबोट बर्फ कापत निघाली, की लोखंडावर कुणी खडी ओतावी तसा आवाज येतो. गाव बघावं ते त्या बोटीतून.

जेवणाचं म्हणाल तर पुतिन: बटाट्याच्या तळलेल्या काड्या, त्यावर ताज्या चीजचे गोळे आणि गरम ग्रेव्ही. चीज ताजं असेल तर दाताखाली चक्क कुरकुरतं. शाकाहारी मंडळींनी ग्रेव्ही कशाची ते आधी विचारावं, बहुतेक ठिकाणी मांसाचीच असते. आम्ही तीन दारं पालथी घातली तेव्हा कुठे मशरूमची मिळाली.

कास-कू, म्हणजे 'मानमोडे', अशा नावाच्या जिन्यानं आम्ही रेलिंग धरून खाली प्ती-शाम्प्लँ गल्लीत उतरलो. एका दुकानाबाहेर लाकडी खोक्यात बर्फ दाबून भरला होता. दुकानातल्या पोरीनं त्यावर उकळत्या मेपल पाकाची धार सोडली, थोडं थांबली आणि काडीला गुंडाळून हातात दिली. आई कोल्हापूरकडची, गुऱ्हाळावर वाढलेली. तिनं आधी वास घेतला, मग चाटलं. "अगं, ही काकवीच की!" मग तिची चौकशी सुरू झाली: रस किती, पाक किती? मेपलच्या झाडाचा सुमारे चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर पाक होतो. चाळीस म्हटल्यावर आईनं कपाळावर हात मारला. उसाचं एवढं पाणी आटवावं लागत नाही.

मेपल पाकाचा, वर चित्रं असलेला डबा घेतला. फळीवरची किंमत खरी मानू नका. गल्ल्यावर दोन कर मिळून जवळजवळ पंधरा टक्के चढतात असं इथे सगळीकडे आहे, पण पाकाच्या डब्याला मात्र खाद्यपदार्थ म्हणून सूट. टोपी नि हातमोज्यांनी ती कसर भरून काढली.

टोरांटोला परतल्यावर आईनं घावनावर ती धार धरली. पहिला घास खाऊन म्हणाली, "यात थोडं आलं किसायला हवं होतं."