तुम्ही विचारलंत म्हणून: फुटबॉलमध्ये बॉल काढून घ्यायला केलेला टॅकल सारखाच, मग एकाला यलो कार्ड आणि दुसऱ्याला रेड का?

हा प्रश्न जवळजवळ दर आठवड्याला येतो आणि त्याच्या शेपटाला दुसरा जोडलेला असतोच: रेफरी विकला गेलाय का? बहुतेकदा नाही. पण म्हणून तुमची तक्रार खोटी ठरत नाही. ती भलत्या दारी जाते, एवढंच.

फाउल तीन पायऱ्यांवर मोजतात. निष्काळजीपणा असेल तर नुसती फ्री किक. समोरच्याला लागेल याची पर्वाच केली नाही, तर यलो, म्हणजे ताकीद. गरजेपेक्षा जास्त जोर लावला किंवा समोरच्याला जबर दुखापत होईल असा घुसला, तर रेड, म्हणजे थेट बाहेर. 'आधी बॉलला लागला होता' ही सबब रेडपासून वाचवत नाही. बॉल काढूनही पाय नडगीवर बसला तर रेड मिळू शकतं. म्हणून रिप्ले बघताना बॉल सोडा, पाय बघा: वेग किती, बुटाखालचे स्टड पावलावर टेकले की घोट्याच्या वर, गुडघा ताठ होता की वाकलेला.

आता खरी गोम. स्लो मोशनमध्ये कुठलाही टॅकल खुनशी दिसतो. म्हणूनच व्हीएआरच्या, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीला मदत करणाऱ्या पंचांच्या पद्धतीत स्लो मोशन फक्त पाय कुठे लागला, बॉल हाताला लागला का, अशा गोष्टींसाठी आहे. जोर किती होता हे नेहमीच्या वेगातच बघायचं. 30 सप्टेंबर 2023 च्या टॉटनहॅम-लिव्हरपूल सामन्यात लिव्हरपूलच्या कर्टिस जोन्सचा पाय बॉलवरून घसरून टॉटनहॅमच्या बिसूमाच्या नडगीवर गेला. मैदानावर यलो मिळालं. मग रेफरीला मॉनिटरकडे बोलावलं, आणि तिथे पहिल्यांदा दिसलं ते थिजलेलं चित्र: नडगीवर बूट. यलोचं रेड झालं. रेड चूकच होतं असं मी म्हणणार नाही, पण आधी चित्र आणि मग वेग, हा क्रम उलटा आहे. लिव्हरपूलचं अपील फेटाळलं गेलं आणि जोन्स तीन सामने बाहेर बसला.

त्याच सामन्यात लिव्हरपूलच्या लुईस दियाजचा चांगला गोल मैदानावर ऑफसाइड देऊन रद्द झाला. मैदानावर गोल दिलाय अशा समजुतीत व्हीएआरने 'तपासणी पूर्ण', म्हणजे मैदानावरचा निर्णय कायम, असं कळवलं. चूक लक्षात आली तोवर खेळ सुरू झाला होता, आणि अशा चुकीसाठी नियम मागे फिरू देत नाही. हा पक्षपात नव्हे, शुद्ध गोंधळ.

मला मात्र त्या दिवशीचं सगळ्यात खटकतं ते लिव्हरपूलच्याच डिओगो जोटाचं. दोन यलो मिळून तो बाहेर गेला, त्यातलं पहिलं फारच शंकास्पद होतं. तेव्हा व्हीएआरला दुसऱ्या यलोने झालेलं रेड तपासताच येत नव्हतं. आणि नंतर अपील? तेव्हा इंग्लंडमध्ये कार्ड भलत्याच खेळाडूला दिलं गेलं नसेल, तर यलोवर अपीलच नव्हतं.